‘कसे?’ ऐसे पुसणाराची हकीकत

॥ श्री ॥ तारांतून आणि वाऱ्यांतून जो निरोप जातो, त्याचा वाली जो कोणी असेल त्यास प्रथम नमन असो. मग ज्यांनी विचारिले त्यांस, आणि ज्यांनी सांगितले त्यांस, आणि सर्वांचे शेवटी ज्यांस ठावके असोन सांगितले नाही त्यांसही हात जोडिले असेत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, दोन प्रहरी ही हकीकत लिहावयास घेतली. लिहिणार राज्याचा हवालदार. नाव लिहीत नाही. नाव सांगण्याजोगे काम आमचे हातून जाहले नाही, हे पुढे कळेलच.

तर राज्य ऐसे की, त्यास भुई नाही, वेस नाही आणि कोटही नाही. रयत आपापले घरी बसोन हातातील फोनावर एकच भिंत पाहते, आणि त्या भिंतीवर जो तो आपले अडले ते लिहितो, आणि ज्यास ठावके तो त्याखाली उत्तर लिहितो. एका सवालाचे एक पान, ऐशी लाखभर पाने जाहली. कोणाचा पंप पाणी ओढीत नाही, कोणाचे शिलाईयंत्र टाके सोडिते, कोणाचा छापखान्यातील यंत्राचा पट्टा तुटतो. राज्य उभारिले ते किल्लेदार, जुने रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ, शब्दाचे पक्के आणि स्वभावाचे तिखट. त्यांनी वहिवाट घालोन दिली की, विचारण्याआधी जुनी पाने धुंडावी, कदाचित आपलेच दुखणे पूर्वी कोणास होवोन गेले असेल. मग यंत्राचे नाव, काय जाहले, आपण काय करोन पाहिले, हे सारे सविस्तर लिहावे. “चालत नाही, लवकर सांगा” इतकेच लिहो नये. सांगणाराने चारचौघांत भिंतीवर सांगावे, कानात सांगो नये, आणि नवख्यास हिडीसफिडीस करो नये. आणि अडले ते सुटले म्हणजे विचारणाराने परत येवोन, कशाने सुटले ते लिहावे, आणि मगच पानावर ‘सुटले’ ऐसा शिक्का मारावा. ही शेवटली वहिवाट किल्लेदार वारंवार सांगत, आणि तीच रयत सर्वांत कमी पाळी. काम झाले की माणूस पाठ फिरवितो, त्यास काय करावे? आम्ही हवालदार, आमचे काम भिंत स्वच्छ राखणे. सकाळी सकाळी फुलांची चित्रे टाकून शुभेच्छा देणारांची चित्रे पुसावी, भांडणे सोडवावी, यंत्राची तसबीर उलटी काढून टाकणारांस सुलटी मागावी, इतकीच आमची मर्दुमकी.

या राज्यात वासुदेवराव आठल्ये म्हणोन थोर सरदार होवोन गेले. राहणार घाटातील एका गावचे, वीजमंडळातून निवृत्त, हात असा की बिघडले यंत्र त्यांचे नुसते जवळ बसण्याने वठणीवर येई, ऐसे लोक म्हणत. कोणी सवाल टाकला की सरदार पहिले हजर होत. परंतु उत्तर भिंतीवर लिहीत नसत. लिहीत ते एवढेच, “खाजगीत या.” मग विचारणारा त्यांचे खाजगी दालनात जाई, तेथे सरदार त्यास उत्तर देत, आणि तो बाहेर येवोन भिंतीवर लिही, “सुटले. आठल्येसाहेबांचे उपकार विसरणार नाही.” पान बंद. उपकार लिहिलेले राहिले आणि उपाय दालनात राहिला. कोणी नवा त्याच दुखण्याने आला की त्यासही पुन्हा सरदारांचेच दार ठोठवावे लागे. ऐशाने सरदारांचा दरारा वाढला, आणि नमस्कार घालणारांची रांग लागली, आणि त्यांस ते आवडे. का न आवडावे? आम्हांसही आवडले असते. किल्लेदारांनी एकदा हटकिले, तेव्हा सरदार बोलिले, “मी रात्रीचा दिवस करून शिकलो. ते आयतं भिंतीवर का टाकू?” किल्लेदार वृद्ध जाहले होते, त्यांनी पुन्हा हटकिले नाही. पुढे ते वारले, आणि वहिवाट सांगणारा कोणी उरला नाही.

आता मूळ गोष्ट. शके एकोणीसशे छत्तीस, जय नाम संवत्सर, श्रावण मासी सरदारांचे मातोश्रींस श्वासाचे दुखणे जडले आणि घरी प्राणवायूचे यंत्र आणिले. हवेतून प्राणवायू निवडोन नळीने नाकास पोहोचविते, ते यंत्र. जुने, दुसऱ्याचे वापरलेले. ते एके दिवशी अडले, आणि खुद्द सरदारांनी भिंतीवर सवाल घातला, “यंत्र सात मिनिटं चालतं, मग तीन शिट्ट्या मारून बंद पडतं. थंड झालं की पुन्हा सात मिनिटं. बाहेरचं सगळं पाहिलं, सगळं ठीक आहे.” रयत चकित जाहली की आठल्येसाहेबच विचारतात, तर आपण काय सांगावे. कोणी सांगितले नाही. दुसरे दिवशी, श्रावण शुद्ध नवमीस, ठीक दोन प्रहरी सरदारांनी आपले पानाखाली दोनच शब्द लिहिले, “सुटले. आभार.” आभार कोणाचे ते कळेना, कारण उपाय त्यांनीच शोधिला होता. शिक्का मारिला, पान मिटले. आणि घटकाही लोटली नसेल, तो त्या मिटल्या पानाखाली एक शब्द उमटला. “कसे?”

लिहिणाराचे नाव नव्हते. नावाचे जागी कोरे, तसबिरीचे जागी कोरे. आम्ही राज्याचा पट काढोन पाहिला, कोण आले, कोण गेले, सर्व नोंद त्यात असते. त्यात ऐसा कोणी इसम नव्हता. पटावर नाव नसता भिंतीवर लिहिता येत नाही, ही भिंतीची रचना, आणि तरी लिहिले होते. आम्ही म्हटले, असेल काही यंत्राची खोड. सरदारांनी पाहिले आणि हसोन त्याखाली लिहिले, “ज्याला गरज आहे त्याने खाजगीत यावं.” कोणी गेले नाही. मग सरदारांनी आम्हांस निरोप पाठविला, “हवालदार, ते पुसून टाका. शिक्का मारलेल्या पानावर घाण नको.” आम्ही सवाल पुसला, आणि त्याखालील सरदारांचे बोलणेही पुसले. परंतु भिंतीवर एखादा शब्द पुसला की खालचे वर सरकते आणि फट बुजते, तैसे येथे जाहले नाही. एका ओळीइतकी कोरी जागा तैसीच राहिली. बोटाने कितीही सरकविले तरी ती जागा तेथेच.

पुढील साली श्रावण शुद्ध नवमीस, दोन प्रहरी, त्याच पानाखाली पुन्हा “कसे?” आता ऐकणाराने ध्यानी घ्यावे की, इंग्रजी तारीख दरसाल निराळी पडे, आणि तिथी मात्र तीच. राज्याचे यंत्रास तिथी ठावकी नाही. ती कोणास ठावकी होती? सरदारांनी त्या साली लिहिले, “आयतं पाहिजे काय?” आणि पुसविले. तिसरे साली लिहिले, “तुझं काय अडलंय एवढं?” आणि पुसविले. चौथ्या सालापासोन त्यांनी उत्तर देणे सोडिले, फक्त आमचेकडे निरोप येई, “आज नवमी. पुसा.” आणि आम्ही पुसत असू. ऐशी अकरा साले, अकरा वेळा, याच उजव्या हाताने. एके साली रयतेतील कोणी विचारिले, “हवालदार, हा कोण दरवर्षी कसे कसे करतो?” आम्ही म्हटले, “कोणी नाही हो, यंत्राचा बिघाड.” बिघाड दुरुस्त करणारांचे राज्यात आम्ही बिघाड म्हणोन सांगितले आणि लोकांनी मान डोलाविली. परंतु खरे सांगतो, आठव्या की नवव्या साली आम्ही पुसण्याआधी तो शब्द दोनदा वाचिला. त्या एका शब्दात काही घाई होती. जैसे कोणी धावत येवोन दारात उभा राहतो, आणि दम लागल्याने त्यास पुढचे बोलवत नाही, तैसे ते वाटे. तरी पुसला. चाकर माणूस, हुकूम आला की हात चालतो.

मग हे साल उजाडले. वैशाखात सरदारांस अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवे अंग गेले, डावा हात तेवढा अंमळ हले. मग छातीत कफ धरिला, आणि वैद्याने सांगितले की प्राणवायू लागेल, घरी ठेवा. पत्नी द्वारकाबाई, सत्तरीची बाई, शाळेत शिक्षिका होत्या, मूलबाळ नाही. त्यांनी माळ्यावरून सासूबाईंचे तेच जुने यंत्र शेजाऱ्यांकडून खाली काढविले आणि लाविले. दोन महिने चालिले. श्रावण शुद्ध अष्टमीस घाटात दरड कोसळली आणि वाट बंद जाहली. विचारिले, तो रुग्णालयाची गाडी दशमीचे सकाळपर्यंत येवो शकत नाही, ऐसे कळले. घरी प्राणवायूचे एक राखीव नळकांडे होते, ते फार तर दिवेलागणीपर्यंत पुरते. नवमीस दोन प्रहरी यंत्राने तीन शिट्ट्या दिल्या आणि ते बंद पडले. मग थंड होवोन पुन्हा सुरू जाहले, आणि सात मिनिटांनी पुन्हा तीन शिट्ट्या. गावात यंत्र जाणणारा एकच, आणि तो खाटेवर प्राणवायूचा मुखवटा लावोन पडला होता.

द्वारकाबाईंनी नवऱ्याचे तोंडी या राज्याची तारीफ चाळीस वेळा ऐकिली होती. त्यांनी आपले फोनावर भिंत उघडिली, आपले नाव पटावर घातले, आणि शिक्षिका असल्याने रीतीप्रमाणे आधी जुनी पाने धुंडिली. “सात मिनिटं, तीन शिट्ट्या.” एकच पान निघाले. वर नाव वासुदेवराव आठल्ये, अकरा वर्षांमागचे. बाईंचा जीव भांड्यात पडला. खाली गेल्या, तो “सुटले. आभार.” आणि त्याखाली कोरी जागाच जागा. हे सर्व बाईंनी आम्हांस मागाहून सांगितले, ते जसेच्या तसे लिहितो. त्या म्हणाल्या, “मी ह्यांना फोन दाखवला. म्हटलं, अहो, तुम्हीच लिहिलंय ना हे? मग कसं सुटलं ते का नाही लिहिलंत? ह्यांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात परत शिट्ट्या झाल्या. मी नळकांडं जोडलं. मला काही सुचेना, रागच आला मला ह्यांचा, इतक्या वर्षांत आला नव्हता असा. आणि मी त्या पानाखाली लिहिलं, कसे?”

आम्ही त्या घटकेस आमचे घरी जेवोन फोन हाती घेवोन बसलो होतो. नवमी म्हणोन मनात धास्ती होतीच, की आता तो येईल आणि या साली पुसा म्हणणाराही कोणी नाही. पान उघडिले. आमचे डोळ्यांदेखत शब्द उमटला, आणि या वेळी नावाचे जागी कोरे नव्हते. द्वारका वासुदेव आठल्ये, ऐसे होते. शब्द मात्र आजचे तारखेस बसला नाही. तो वर सरकला, आणि वर सरकत अकरा वर्षांमागील पहिल्या कोऱ्या जागेत जावोन बसला, बरोबर बसला, जैसी ती जागा त्याचेसाठीच राखली होती. आणि त्याखाली, आम्ही आमचे हाताने पुसलेले सरदारांचे बोलणे परत उमटले. “ज्याला गरज आहे त्याने खाजगीत यावं.” आमचे हातातील ताक सांडले. यंत्र पुन्हा थांबले असावे, कारण काही वेळाने दुसरा “कसे?” आला आणि पुढील सालचे जागेत बसला, आणि त्याखाली, “आयतं पाहिजे काय?” मग तिसरा. आणि त्याखाली, “तुझं काय अडलंय एवढं?” बाई खाटेजवळ बसोन हे मोठ्याने वाचीत होत्या. त्यांस वाटले, कोणी आताच उत्तर देत आहे. नाव पाहिले, तो नवऱ्याचे. नवरा समोर, मुखवट्यात, बोट हलविणे कठीण, आणि फोनात तोच विचारितो की तुझे काय अडले आहे. बाई म्हणाल्या, “मी वाचून दाखवलं आणि ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ह्यांना माझ्याआधी कळलं, इतकी वर्षं कोण विचारत होतं ते.”

ऐसे अकरा वेळा यंत्र थांबले, सातांची सहा मिनिटे जाहली, सहांची चार, आणि अकरा वेळा त्या म्हाताऱ्या बाईने तोच शब्द लिहिला, आणि तो अकरा सालांचे अकरा कोऱ्या जागांत जावोन बसला. उपाय सांगणारे एकही उत्तर आले नाही. कैसे येणार? विचारिले होते त्या त्या साली, आणि त्या त्या सालचे उत्तर सरदारांनी पुसविणे आणि आम्ही पुसणे हेच होते.

मग आम्हांस राहवेना. किल्लेदारांची वहिवाट आठवली आणि आम्ही बाईंस भिंतीवर चारचौघांत लिहिले, “बाई, त्या जुन्या पानावर लिहू नका. ते वर जातं. नवीन पान घाला. यंत्राचं नाव, काय होतंय, काय करून पाहिलंत, सगळं लिहा.” बाईंनी लिहिले. तैसा सवाल आम्ही इतक्या वर्षांत वाचिला नाही, इतका नेटका. शेवटी लिहिले होते, “दिवेलागणीपर्यंत वेळ आहे. माझे पती बोलू शकत नाहीत.” आणि मग राज्य जागे जाहले. जे कधी बोलत नसत तेही बोलिले. कोणी म्हणे तारा पाहा, कोणी म्हणे खिडकी उघडा, आणि एक शहाणा म्हणाला “आधी शोधून या,” त्यास आम्ही तात्काळ भिंतीवरून उतरविले, आणि ते पुसताना हाताला बरे वाटले. त्यात मुमताजबी मोमीन म्हणोन एक बाई होत्या, दूरचे पेठेत रुग्णालयाची यंत्रे दुरुस्त करीत, आणि एकेकाळी सरदारांचे दालनाबाहेर तिष्ठत उभ्या राहोन कंटाळल्या होत्या. त्यांनी विचारिले, “काकू, शिट्टी लांब आहे की तुटक?”

“तुटक. तीन.”

“मागून गरम वारा येतो का? हात लावून बघा.”

“येत नाही. अगदी कमी येतो.”

“मग त्याला हवाच मिळत नाहीये. मागची गाळणी काढलीत का?”

“काढली, धुतली, वाळवून बसवली. तरी तेच,” बाईंनी लिहिले, आणि मग लिहिले, “हे डाव्या हाताची दोन बोटं वर करतायत. सारखी. दोन, दोन.”

आता रयतेत तर्क चालिले. कोणी म्हणे दोन नंबरचे बटण, कोणी म्हणे दोन तास थांबा. बाईंनी एकेक वाचोन दाखवावे, आणि सरदारांनी डोळे घट्ट मिटोन नाही म्हणावे, आणि पुन्हा दोन बोटे. बाहेर ऊन उतरत चालिले होते. मग मुमताजबींनी लिहिले, “काकू, त्यांना विचारा, गाळण्या दोन आहेत का?”

बाईंनी विचारिले. सरदारांचा हात खाटेवर पडला आणि दोन्ही डोळे मोठे उघडले. बाईंनी यंत्र आडवे केले, गाळणीचे चौकटीमागे एक लहान काळे झाकण होते, ते नाण्याने फिरविले, आणि आतून दुसरी गाळणी निघाली, बोटभर जाड, धुळीने कोळशासारखी काळी. ती काढोन बाजूस ठेविली आणि यंत्र सुरू केले. सात मिनिटे गेली. आठ गेली. दहा गेली. बाई सांगत होत्या की त्या वेळी त्यांनी पदर तोंडात धरिला होता. शिट्टी जाहली नाही. दिवेलागणीस नळकांडे रिकामे जाहले आणि यंत्र गुरगुरत राहिले, आणि सकाळी गाडी आली. इतक्याशा गोष्टीस एक ओळ पुरती. “मागच्या झाकणाखाली दुसरी गाळणी आहे, ती काढून साफ करा.” एवढी एक ओळ अकरा वर्षे लिहिली गेली नव्हती.

द्वारकाबाईंनी हात धुतले नाहीत, पाणी प्यायल्या नाहीत, काळ्या हातांनी आधी ते जुने पान उघडोन त्याखाली ती ओळ लिहिली. ती वर गेली नाही, खालीच राहिली, आजचे तारखेस. आणि पुढील दिवसांत आम्ही त्यांस फोन करोन कबुली दिली की, बाई, ते तुमचे सवाल दरसाल आम्हीच पुसत होतो. त्या म्हणाल्या, “अकराही?” आम्ही हो म्हटले. “आणि एकदाही वाटलं नाही, विचारतंय कोण ते बघावं?” राग केला असता तर बरे होते. त्यांनी राग केला नाही, फोन ठेविला.

सरदार त्यानंतर तीन मास जगले. द्वारकाबाई रोज सकाळी त्यांचे उशाशी बसत आणि त्यांचे खाजगी दालनात सुटलेली पाने एकेक उघडोन वाचीत, “हे कसं सुटलं होतं?” आणि सरदार बोटांनी, डोळ्यांनी, जे सांगता येईल ते सांगत, आणि बाई ते त्या त्या पानाखाली लिहीत. ऐशी साठ पाने भरली. परंतु किती एक पानांवर सरदार बराच वेळ छताकडे पाहत, आणि मग मान फिरवीत. बाई विचारीत, “आठवत नाही?” ते डोळे मिटीत. इतका मोठा हात, इतकी विद्या, आणि विसरले. जे दालनात ठेविले ते त्यांचेही राहिले नव्हते. कार्तिक शुद्ध द्वादशीस सरदार गेले. त्या दिवशी भिंतीवर रयतेने दुःख लिहिले, आणि बाईंनी त्याखाली इतकेच लिहिले, “ज्यांना ह्यांनी काही सांगितलं असेल, त्यांनी कृपा करून ते इथे लिहावं.” काहींनी लिहिले. बहुतेकांस आठवले नाही.

आणि आता आमचे. ही हकीकत लिहावयाचे कारण तेच. आठ वर्षांमागे आमचे न्हाणीघरातील पाणी तापविण्याचे यंत्र पाण्यात विजेचा झटका देत असे. आम्हीही भिंतीवर सवाल घातला होता, आणि सरदारांनी म्हटले होते, “खाजगीत या,” आणि आम्ही गेलो होतो, आणि त्यांनी सांगितले तैसे केले, आणि झटका बंद जाहला, आणि आम्ही लिहिले, “सुटले. मेहेरबानी.” राज्याचा हवालदार, आणि आम्हीच ऐसे लिहिले. गेले कार्तिकी पौर्णिमेस, भर दुपारी, आमचे त्या पानाखाली एक शब्द उमटला. “कसे?” नावाचे जागी कोरे, तसबिरीचे जागी कोरे, आणि पटावर कोणी नाही.

घरी माणसे चार, त्यांपैकी कोण? दालन उघडिले, तो सरदारांचे जुने बोलणे फोन बदलताना गेलेले, रिकामे. द्वारकाबाईंस विचारिले, सरदार तर गेलेले. वीजवाला बोलाविला, तो म्हणाला, “सगळं ठीक आहे, काका.” आम्हांस झोप लागेना, शेवटी ते यंत्रच उपटोन काढिले आणि दारावरून जाणाऱ्या भंगारवाल्यास देवोन टाकिले, आणि नवे आणिले, आणि चारही माणसांचे डोकीवरून हात फिरविला. आठ दिवस सुखाचे गेले. मग आम्ही पान उघडोन पाहिले. दुसरा “कसे?” आला होता.

तेव्हा उमगले की आमचे घरचे नव्हते ते. भंगारवाला गावोगाव फिरतो. त्याने ते कोणास विकले त्यास आठवत नाही. आम्ही तीन दिवस त्याचे मागे फिरोन विचारिले. “चांगलं चालत होतं काका, घेतलं कोणीतरी.” कोणीतरी. कोणाचे न्हाणीघरी ते लागले असेल, आणि कोणी ओला हात लाविला असेल, किंवा पुढे कधी लावील, आणि त्याचे माणूस दारात उभे राहोन आम्हांस विचारीत आहे. उत्तर आम्ही एकदा आमचे हाताने केले होते. तार सोडविली होती की बांधिली होती, मागची की खालची, हे रोज दुपारी बसोन आठवतो. आठवत नाही. पुसणे मात्र सोडिले आहे. पहिला तैसाच आहे, दुसरा तैसाच आहे, काल तिसरा आला.

येणेप्रमाणे हकीकत. तात्पर्य एवढेच की, ज्याचे अडले ते सुटले असेल त्याने, हात धुण्याआधी, कशाने सुटले ते चारचौघांत लिहोन ठेवावे. विचारणारा अजून पटावर आला नसेल, तरी तो निघाला आहे. आणि वाचणारांपैकी कोणी अलीकडे भंगारातून पाणी तापविण्याचे जुने यंत्र घेतले असेल, पांढरे, डाव्या अंगास पोचा आलेले, तर त्यास हवालदाराची हात जोडोन विनंती की, त्यास ओला हात लावो नये, आणि आम्हांस भिंतीवर कळवावे. खाजगीत येवो नये. लेखनसीमा.